नळछाप साबणाचा कवी

फारसी कवी म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांपुढं काय काय आलं ते मला इथून दिसतंय. बाग आली. बागेत गुलाब आला. गुलाबावर बुलबुल येऊन बसला. खाली गालिचा, लोडाला टेकलेला पांढऱ्या दाढीचा म्हातारा, हातात पेला. आता एकेक उचलायला लागा. बाग उचला, तिथं पिंपरी कॅम्पातली बराक ठेवा. गालिचा काढा, गोणपाट टाका. पेल्यात कॉस्टिक सोडा आहे, तो तोंडाला लावू नका. दाढी नव्हतीच. वाफेवर वाकून वाकून भुवयासुद्धा अर्ध्याच उरल्या होत्या. आणि बुलबुलाचं नाव त्यांच्यासमोर काढलंत तर तुमचा चहा अर्धा राहिला असला तरी तुम्हाला उठवून बाहेर काढतील.

हे आमचे घरमालक. कॅम्पात सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, कारण फाळणीआधी ते कराचीच्या शाळेत फारसी शिकवत. इकडं आल्यावर पिंपरीत फारसी शिकणारा कोण मिळणार? मग त्यांनी साबण करायला घेतला. कपड्याचा साबण. बराकीच्या मागच्या अंगणात कढई, कढईत तेल नि सोडा, लाकडी साचे, आणि वड्या पाडायला तार.

मी चाकणजवळच्या खेड्यातला. औषधाच्या नव्या कंपनीत बाटल्या धुवायच्या खात्यात लागलो होतो. कंपनी इतकी नवी होती की भिंतीला टेकलं तर पाठीला चुना लागायचा. रोज चाकणहून येणं जमेना, म्हणून मास्तरांच्या खोलीत गोणपाटाच्या पडद्याआड एक खाट भाड्यानं घेतली. पण हे आईला कसं सांगायचं? निर्वासित घरमालक आणि चाकणचा भाडेकरू, हे तिच्या गळी उतरेना.

"त्याला घर सरकारनं दिलं व्हय?" आई म्हणाली.

"हो."

"त्यातलं त्यानं तुला दिलं?"

"हो."

"मंग आपलं घर असून निर्वासित तूच झालास की रं."

खरं सांगायचं तर मास्तरांच्या बाबतीत कुठल्याच गोष्टीवर मला कधी उत्तर सुचलेलं नाही. हा माणूस मोठा कवी होता, की वाफ डोक्यात गेलेला साबणवाला होता? मी एवढे दिवस त्यांच्या पडद्याआड झोपलो, पण मला सांगता येत नाही. तुम्हाला शेवटी कळलं तर मलाही सांगा.

त्यांची मराठी माझ्याकडून शिकलेली. म्हणजे सूर सिंधी आणि शब्द चाकणचे. कराचीत फारसी शिकवलेला माणूस पिंपरीत "व्हय" आणि "न्हाई" बोलायचा. एकदा पुण्याचे एक कारकून साबण घ्यायला आले. हे पूर्वी फारसीचे मास्तर होते असं कोणीतरी त्यांना सांगितलेलं. झालं, त्यांना म्हण आठवली. हसत हसत म्हणाले, "पढे फारसी, बेचे तेल."

मास्तरांनी कढईकडं बघितलं, वड्यांकडं बघितलं. "तेल कुठं हाय? साबण हाय हा. म्हण दुरुस्त करून आणा, मंग देतो."

"अहो, गंमत केली."

"तेलवाल्याकडं करा."

आणि दिला नाही साबण. आतून अदीचा आवाज आला, "दे ना रे, गिऱ्हाईक आहे." अदी म्हणजे सिंधीत थोरली बहीण. ती मास्तरांची थोरली बहीण होती, पण अख्खा कॅम्प तिला अदीच म्हणायचा. धंदा खरं तर तीच चालवायची. मराठी शिकली ती भाजीबाजारात, त्यामुळं तिचं साधं "बस रे" सुद्धा भाव पाडून घेतल्यासारखं ऐकू यायचं. आवाज असा की पलीकडच्या ओळीतल्या बराकीतली बाई हातातलं काम टाकून "काय गं" करून यायची. लिहायला-वाचायला येत नव्हतं. फारसी म्हणजे भावाच्या तोंडची वाफ, एवढंच तिचं मत.

कॅम्पातल्या दुसऱ्या एका साबणावर गुलाबाचा छाप असायचा आणि तो जास्त खपायचा. म्हणून अदीनं सुताराकडून गुलाबाचा लाकडी ठसा करून आणला. मास्तरांनी दुपारभर बसून तो गुलाब तासून टाकला आणि तिथं नळ कोरला. सरळ पाण्याचा नळ, खाली एक थेंब. अदी चार दिवस बोलली नाही, म्हणजे भावाशी बोलली नाही, आम्हा बाकीच्यांशी दुप्पट बोलली. पण नळछाप खपायला लागला. बायका म्हणायच्या, "निदान साबणावर तरी नळ चालू दिसतोय."

गुलाबाशी त्यांचं एवढं वाकडं का, हे मी विचारलं होतं. तर म्हणाले, "हजार वर्षं फारसीत गुलाबच फुलतोय. रांगेत कोण उभं राहायचं मंग?"

मला वाटलं रेशनबद्दल बोलतायत. कवितेबद्दल बोलत होते.

सकाळी स्टो पेटायच्या आधी मास्तर कविता करायचे. दारापासून कढईपर्यंत जायचं, कढईपासून दारापर्यंत यायचं. हात मागं, एक अर्धी भुवई वर. ओळ म्हणायचे ती श्वास संपेपर्यंत. लांब श्वास आला तर ओळ लांब, दम लागला तर दोनच शब्द. मध्ये खोकला आला की थांबायचे आणि राहिलं तिथून नाही, परत पहिल्यापासून. शेजारणीची बकरी रोज त्याच वेळी सोड्याच्या गोणीला तोंड लावायला यायची, तिला "हट" म्हणायचे, आणि परत पहिल्यापासून. पडद्याआड मी आपला पडलेला. रोज तेच ऐकून ऐकून काय होणार? पाठ झालं सगळं.

त्यात मला पहिल्यापासून खोड आहे. कोणाचाही आवाज कानात गेला की तोंडातून निघतो. शाळेत हेडमास्तरांचा खोकला मी असा काढायचो की पोरं उभी राहायची. कंपनीत जेवणाच्या सुट्टीत मी मास्तर करून दाखवायला लागलो. फारसीचा एक शब्द समजत नव्हता, पण सगळी कविता चालण्यासकट, भुवईसकट. बकरीसकट सुद्धा, कारण कविता कुठं संपते आणि बकरी कुठं सुरू होते हे मला कधी कळलंच नव्हतं. पोरं म्हणायची, "राव, परत एकदा बकरी."

मी नवा होतो तेव्हा एकदा मास्तरांनीच मला पकडलं. मी अंगणात नक्कल करत होतो आणि ते मागं उभे. मला वाटलं आता खाट बाहेर जाणार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "'सफ'च्या आधी श्वास घेतलास. तिथं घ्यायचा न्हाई. रांगेत श्वास घ्यायला जागा नसती." एवढं बोलून कढईकडं गेले. ही शाबासकी होती का?

कवितेतल्या एकाच ओळीचा अर्थ त्यांनी मला सांगितला होता. 'आब नीस्त, सफ हस्त.' पाणी नाही, रांग आहे. ही कॅम्पातल्या नळाची कविता, माणूस रांगेत उभा आहे, पुढं कळतंच नाही काय होतं ते. बाकीचा अर्थ विचारला तर म्हणाले, "अर्थ कळला की तू ऐकायचं सोडशील."

"मग लिहून तरी ठेवा."

"कागद तिकडं ऱ्हायले सगळे. डोकं तेवढं आलं. आता काय ठेवायचं ते डोक्यातच."

म्हणजे फाळणीच्या आधी तेहरानच्या एका मासिकात त्यांच्या दोन कविता छापून आल्या होत्या, नव्या पद्धतीच्या, यमक नाही, मोजमाप नाही. ते मासिक बोटीनं कराचीला आलं होतं आणि ते कराचीतच राहिलं. असं ते सांगायचे. खरं-खोटं करायला पिंपरीत कोणाकडं जाणार?

फारसी येणारे कॅम्पात नव्हते असं नाही. वाण्याच्या दुकानासमोर बाकावर संध्याकाळी तीन म्हातारे बसायचे. लहानपणी मदरशात नाही तर मुन्शीकडं शिकलेले, जुन्या कविता तोंडपाठ. त्यातला एक काठीनं जमिनीवर ताल धरायचा. मास्तर त्यांना आपली कविता ऐकवायला जायचे आणि काठी वर उचललेली तशीच राहायची. खाली कधी आपटायची तेच तिला कळायचं नाही.

"ही ओळ एवढी लांब, ही एवढुशी," काठीवाला म्हणायचा. "मास्तर, तुमच्या शिंप्यानं कापड चोरलंय."

"जो रांगेत उभा हाय त्याला कसला ताल?"

"मग रांगेतच ऐकवा. तिथून कोणाला उठून जाता येत नाही."

बाकीचे दोघे हसायचे. मास्तरही हसायचे, पण घरी येऊन त्या दिवशी साबणाच्या वड्या वाकड्या कापायचे. ज्याला फारसी येते त्याला गुलाब हवा, आणि ज्याला गुलाब नको त्याला फारसी येत नाही. मास्तरांना एकच माणूस पाहिजे होता, जो त्यांची कविता ऐकून सांगेल की ही कविता आहे. मला वाटतं तेवढ्यासाठीच ते रोज सकाळी चालत होते.

आणि असा माणूस आला, तो माझ्या आगाऊपणामुळं.

इराणहून काही पाहुणे आमच्या कंपनीत औषध कसं करतात ते बघायला आले. सायबांनी सगळ्यांना बजावलं होतं, पाहुण्यांसमोर तोंड उघडायचं नाही. मी चहाच्या रांगेत उभा होतो. रांग काही हलेना, तेव्हा मागच्या पोरांसाठी मी हात मागं बांधले, भुवई वर केली आणि म्हणालो, "आब नीस्त, सफ हस्त."

पाहुणे नेमके तिथून चालले होते. त्यातला एक तरुण डॉक्टर गर्रकन वळला आणि माझ्याशी भडाभडा फारसी बोलायला लागला. मला काय येतंय? पण गप्प राहणं बरं दिसेना, म्हणून मी पुढची ओळ म्हटली. त्यानं आणखी काहीतरी विचारलं. मी त्याच्या पुढची ओळ म्हटली. तो जवळ आला. मी आणखी एक. कविता अशीच चालली असती तर मी त्याच्याबरोबर तेहरानपर्यंत गेलो असतो, पण बकरीची जागा आली आणि मी "हट" म्हणालो. तेवढ्यात सायेब धावत आले.

इंग्रजीतून काय ते बोलणं झालं आणि सायबांनी मला विचारलं, "हे कोणी शिकवलं तुला?"

"घरमालकांनी."

"काय करतात ते?"

"साबण."

सायबांनी हे इंग्रजीत सांगितलं. डॉक्टरनं परत काहीतरी विचारलं. सायेब माझ्याकडं वळून म्हणाले, "ते म्हणतायत, हे जुन्या धाटणीचं नाही. आमच्याकडं आता तरुण लोक असं लिहितात. हा माणूस इथं कसा? त्यांना भेटायचंय. रविवारी सकाळी, पुण्याला जायच्या आधी."

घरी येऊन मी मास्तरांना हे सांगितलं तेव्हा ते मटकन खाली बसले, ते नेमके ओल्या वड्यांवर. अदी ओरडली. ते उठले नाहीत. "नव्या धाटणीचं म्हणाला?" त्यांनी विचारलं. "त्यानं स्वतःहून म्हटलं, का तू सांगितलंस?"

"मला धाटणी म्हणजे काय तेच माहीत नाही, मास्तर."

हे ऐकून त्यांना एकदम बरं वाटलं.

त्या दिवसापासून मास्तरांनी कढई पेटवली नाही. अदीनं बराक धुतली, गोणपाट धुतलं, धुतलेलं परत धुतलं. आणि मास्तर म्हणत होते कविता. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला. तेव्हा माझी जादा पाळी चालू होती, मी घरी झोपायला तेवढा यायचो आणि खाटेवर पडलो की मेलो. रविवारी सकाळी उठलो तर घरात सामसूम. मास्तर खुर्चीवर बसलेले. तोंड हलतंय, आवाज नाही. नुसती हवा. सराव करून करून घसा बसवून घेतला होता.

अदीनं मिठाच्या गुळण्या करायला लावल्या, आलं चघळायला दिलं, गरम फडकं गुंडाळलं, आणि प्रत्येक वेळी विचारलं, "आवाज आला काय?" हवा.

कंपनीची जीप आली, डॉक्टर आणि सायबांना घेऊन. मागोमाग बाकावरचे तिघे म्हातारेही आले, न बोलावता, काठीसकट. डॉक्टर आत आला, मास्तरांचे दोन्ही हात हातात घेतले, काहीतरी आदरानं बोलला. मास्तरांनी तोंड उघडलं. जे यायचं होतं ते आलं नाही. डॉक्टरला कळलं. त्यानं खिशातून पेन काढून पुढं केलं. मास्तरांनी मान हलवली. ते कागदाला हात लावणार नव्हते, एवढं सगळं झालं तरी. मास्तरांच्या डोळ्यांत जे होतं ते मला बघवेना, म्हणून मी खाली बघितलं, तर त्यांचं बोट माझ्याकडं.

"मी?"

त्यांनी मान डोलावली.

मी उठलो. हात मागं. भुवई वर. खोलीत कढई नव्हती, म्हणून दारापासून भिंतीकडं चालायला लागलो. पहिल्यांदाच कोणी हसत नव्हतं, त्यामुळं मला भीती वाटली. पण माझं तोंड भीत नाही, ते आपोआप चालतं. लांब श्वास, आखूड श्वास, 'सफ'च्या आधी थांबलो नाही. बकरीची जागा आली, "हट" म्हणालो. डॉक्टर पुढं सरकून ऐकत होता. मग मधला एक तुकडा आला, बारीक आवाजात म्हणायचा, प्रत्येक ओळीशेवटी सूर लांबवायचा. तिथं डॉक्टरनं हात वर केला.

परत म्हण, असं त्याच्या हातानं सांगितलं.

मी परत म्हटला. डॉक्टरच्या डोळ्यांतून पाणी आलं. काठीवाल्या म्हाताऱ्यानं काठी मांडीवर आडवी ठेवली. कोपऱ्यात मास्तर दोन्ही हात जोरजोरात हलवत होते. मला वाटलं, वा, रंगात आले, म्हणून मी तो तुकडा तिसऱ्यांदा म्हटला.

संपल्यावर डॉक्टरनं मास्तरांना मिठी मारली. सायबांनी मराठीत सांगितलं, तो मधला तुकडा ते तेहरानला नेणार, मासिकात देणार. डॉक्टरनं मला तो परत म्हणायला लावून खिशातल्या डायरीत उतरवून घेतला. बाकीचं उतरवलं नाही. गाडीची वेळ झाली होती. जीप गेली. म्हातारे गेले. जाताना काठीवाला मास्तरांना म्हणाला, "हे आधी का नाही ऐकवलंत आम्हाला?"

दार लागलं. मी शाबासकीला उभा राहिलो.

मास्तरांनी अदीला जवळ ओढलं आणि तिच्या कानात काहीतरी फुसफुसले. अदी माझ्याकडं वळली.

"म्हणतोय, गाढव."

परत फुसफुस.

"म्हणतोय, तो तुकडा कुठून आणला तू?"

"तुमच्याच तोंडून, मास्तर. पडद्याआडून."

"म्हणतोय, तो काढून टाकला होता. पूर्ण वर्ष गेला काढायला."

"मी आलो तेव्हा होता की. नंतर माझी सकाळची शिफ्ट लागली. मला वाटलं कविता झाली म्हणजे झाली."

"म्हणतोय, तुला वाटलं? तुला कोणी वाटायला सांगितला?" अदीनं श्वास घेतला. "आणि ओली चप्पल आत आणू नको."

मास्तरांनी जोरात मान हलवली.

"हे माझं आहे," अदी म्हणाली. "त्याचा पुढं ऐक. म्हणतोय, मी हात हलवत होतो तर तू आणखी म्हणतोस? म्हणतोय, रडवायला काय लागतं? तुझ्या चाकणचा कांदा पण रडवतो. त्याला कोण कवी म्हणत नाही." मास्तरांचा गळा फुगला होता, शिरा दिसत होत्या, आणि आवाज सगळा अदीचा. "म्हणतोय, एवढ्या वर्षांत एक माणूस आला. एक. आणि तो कांदा घेऊन गेला."

त्यांची कविता तरली होती का बुडाली होती, हेच मला समजेना. डॉक्टर खूश, म्हातारे खूश, कवी रागानं लाल.

"आणि तुझे केस काप," अदी म्हणाली. मग मध्येच थांबून भावाकडं वळली. "पण त्या तुकड्यात होता काय एवढा?"

मास्तरांनी मान फिरवली.

"सांग. नाहीतर मी पुढं ओरडणार नाही. तुझा तूच ओरड."

मास्तरांनी तिच्या कानात सांगितलं. या वेळी फुसफुस लांबली. अदी माझ्याकडं वळली नाही. म्हणालीसुद्धा नाही, "म्हणतोय".

"अमां?" तिनं एवढंच विचारलं.

त्यांनी मान डोलावली.

मग ती मला सांगायला लागली, नेहमीपेक्षा कितीतरी हळू. "आमची अमां, म्हणजे आई, संध्याकाळी गच्चीवर यायची. आम्हाला जेवायला हाक मारायची. आधी माझा नाव घ्यायची, मग ह्याचा. लांब, सूर काढून. तो माणूस नळाच्या रांगेत उभा आहे ना, त्याला ती हाक ऐकू येते. तो तुकडा तेच होता."

तेवढं सांगून झालं आणि तिचा आवाज परत होता तिथं आला. पण आता तोंड भावाकडं होतं.

"नळ ठेवला तू. रांग ठेवली. शेजारणीची बकरी ठेवली."

मास्तरांचे ओठ हलले. बकरी नव्हती, असं काहीतरी म्हणत असावेत.

"आणि अमांला काढला? वर्षभर बसून काढला? काय करत होती ती, मारत होती तुला? जेवायला बोलवत होती. तुला तेव्हापण हाक ऐकू यायचा नाही. मला खाली यायला लागायचा, कान धरून तुला वर न्यायला. अन्न गार व्हायचा आणि बोलणी मी खायची. अख्ख्या फारसीत एवढी जागा नव्हती, एक बाई गच्चीवर उभी राहील? तो परका पोरगा, त्याला समजला. ह्या चाकणवाल्याला काही समजत नाही, त्यानं पण सांभाळून ठेवला. आणि तू कवी. तोंड हलवू नको. मी बोलते आहे."